आग कोणी विझवली?

आमच्या अग्निशमन केंद्राला साठ वर्षं होतात म्हणून केंद्रातल्या गाड्यांचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. मी केंद्राचा लेखनिक. म्हणजे हजेरी मी मांडायची, रजेचे हरवलेले अर्ज मी शोधायचे, कुणाला बूट घट्ट झाले तर ते मी बदलून आणायचे. एवढं करून दोन मिनिटं टेकलो की साहेबांना मी रिकामा दिसतो.

"फार नको," साहेब म्हणाले. "पंधरा-वीस पानं. पण ठोस हवं. आकडे हवेत."

आमच्या साहेबांना आकड्यांचा भारी सोस. त्यांना नुसतं 'बरं आहे' म्हटलेलं चालत नाही, किती बरं आहे ते विचारतात.

रोजच्या कामावरच्या दोन नव्या गाड्या सोडल्या तर मागच्या शेडमध्ये तीन म्हाताऱ्या गाड्या उभ्या होत्या. आमच्याकडे गाड्यांना नंबराने कोणी हाक मारत नाही, नात्याने मारतात. ही पद्धत माझ्या सासऱ्यांनी पाडली. ते केंद्राचे पहिले ड्रायव्हर. आज एक्याऐंशी वर्षांचे आहेत, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात, आणि मी त्यांना मामा म्हणतो.

तर, आजोबा. हा केंद्राचा पहिला बंब. दुसऱ्या कुठल्याशा शहराने वापरून टाकलेला, आमच्या गावाने हौसेने आणला. तोही आपल्या पायांनी आला नाही, दुधाच्या ट्रकला बांधून ओढत आणला. पुढे पितळी घंटा, दोन्ही अंगांना बसायला लाकडी बाकं, मागे पंप. पंप असा तगडा की तीन मजले पाणी सहज चढवेल. अडचण एकच होती. बंब जागेवर सुरू व्हायचा नाही. हँडल मारून मारून फायरमनचे खांदे निखळायची वेळ आली तरी आजोबा ढिम्म. उतारावर सोडला की मात्र खोकत, शिंकत, शिव्या दिल्यासारखा आवाज करत चालू लागायचा. म्हणून केंद्रच टेकडीवर बांधलं. गाडीला बघून घर बांधणारं गाव दुसरं नसेल.

आता टेकडीचा उतार जातो गावाच्या पार खालच्या टोकाला, पुलावर. पुलावर वळायला जागा नाही. त्यामुळे आग कुठेही लागो, आजोबा आधी पुलावर जायचा, मग पलीकडच्या रस्त्याने बाजारपेठेतून, मग बस स्टँडच्या मैदानात मोठा वळसा, आणि मग आगीकडे. वाटेत थांबायचीही सोय नव्हती. थांबला की बंद, आणि बंद पडला की सगळ्यांनी मिळून टेकडीवर ढकलत न्यायचा. मामांनी हा बंब अठ्ठावीस वर्षं चालवला. ही सगळी हकिगत आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती, आणि तिचा अर्थ काय होतो याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

आजोबानंतर शिडीची गाडी आली. साठ फुटी शिडी, आणि गावातली सगळ्यात उंच इमारत दोन मजली. शिडी उघडली की ती लोकांच्या खिडक्यांतून आत डोकवायची, म्हणून मामांनी तिचं नाव ठेवलं आत्याबाई. आत्याबाईने झाडावरून त्रेचाळीस मांजरं उतरवली, चौकातल्या घड्याळाचे अडकलेले काटे दर सहा महिन्यांनी पुढे सरकवले. आग मात्र तिने जवळून पाहिली नाही.

तिसरा जावई. ही गाडी ज्या वर्षी आली त्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि नाव मामांनी ठेवलं. हा निव्वळ योगायोग आहे असं माझी बायको गेली चोवीस वर्षं मला सांगत आली आहे. जावई परदेशी, लांबलचक, चकचकीत. फाटकातून आत शिरेना म्हणून फाटक तोडलं. शेडमध्ये मावेना म्हणून भिंत तोडली. त्याला साधं तेल चालत नाही, ऊन सोसत नाही, खड्डा तर मुळीच खपत नाही. बाकीच्या गाड्या पावसात उभ्या करायच्या आणि ह्याला सावलीत. एवढे लाड करून गडी बाहेर पडला एकूण अकरा वेळा, त्यातल्या नऊ वेळा मिरवायला.

मी वही उघडून बसलो होतो तेवढ्यात साहेब पुन्हा आले.

"दर्शनी भागात काचेची खोली तयार होतेय," ते म्हणाले. "एकच गाडी मावेल. जिने सर्वात जास्त आगी विझवल्या असतील ती राहील. बाकीच्या दोन गाड्या सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल. तुम्ही आकडा काढा, शनिवारच्या समारंभात सगळ्यांसमोर वाचा, मी तिथेच निर्णय जाहीर करतो."

मला चिंता करायचं काही कारण दिसेना. अठ्ठावीस वर्षं गावाच्या आगीवर धावून गेलेला बंब एका बाजूला, आणि मांजरं उतरवणारी आत्या नि मिरवणारा जावई दुसऱ्या बाजूला. मी खुशीत घरी गेलो आणि मामांना बातमी सांगितली.

मामांविषयी थोडं सांगायला हवं. ते रोज सकाळी हातात फडकं घेऊन केंद्रावर जातात, आजोबाला नखशिखांत पुसतात आणि तासभर ड्रायव्हरच्या सीटवर बसतात. आमच्या घरातल्या खुर्चीत बसून त्यांना अर्ध्या तासात कंटाळा येतो, त्या सीटवर कधी येत नाही. नवे फायरमन त्यांना सलाम ठोकतात. कुणी म्हणालं, 'मामा, एखाद्या आगीची गोष्ट सांगा ना,' तर मामा 'झालं ते झालं' म्हणून उठून जातात. आम्ही सगळे त्याला त्यांचा विनय समजत होतो.

बातमी ऐकून मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "आकडा कुठून काढणार?"

"जुन्या फेरीवह्यांतून. बंब बाहेर पडला की तुम्ही नोंद करत होतात ना?"

"त्या वह्यांना वाळवी लागली."

"कधी?"

"तेव्हाच."

"अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वह्यांना?"

"जावईबापू," मामा म्हणाले, "वाळवी काय मोजून खाते का?" आणि अर्धा चहा तसाच टाकून आत गेले. मामांनी चहा टाकलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी कोठारात फुटक्या नळ्यांच्या वेटोळ्यांमागे मला एक लोखंडी पेटी सापडली. आत रेनकोटात गुंडाळलेल्या अठ्ठावीस वह्या. मध्येमध्ये डांबराच्या गोळ्या. पानं अशी करकरीत की बोट फिरवलं तर कापलं जाईल. वाळवीपासून इतक्या निगुतीने राखलेल्या वह्यांना वाळवी लागली असं सांगणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, हे मला कळेना.

केंद्राचे पहिले साहेब शिस्तीचे भोक्ते होते. त्यांनी फेरीवहीत पाच रकाने छापून घेतले होते. आग कुठे. बंब निघाला कधी. पोहोचला कधी. नुकसान काय. आणि पाचवा, आग कोणी विझवली. ड्रायव्हरने परत आल्याबरोबर हे स्वतःच्या हाताने भरायचं, खोटं लिहिलं तर नोकरी गेली म्हणून समजायचं, असं पहिल्याच पानावर दटावलेलं होतं.

मी पहिली नोंद वाचली. आग कुठे, धोब्याकडे. पोहोचायला लागलेला वेळ, चोवीस मिनिटं. आग कोणी विझवली: 'धोब्याची बहीण. दोन बादल्या. एकीत नीळ होती.'

म्हटलं, असेल, पहिलाच दिवस होता. दुसरी वाचली. 'शेजारचा न्हावी. ओला टॉवेल.' तिसरी, 'आपोआप.' चौथी, 'शाळेचे मुख्याध्यापक. अंगावरचा कोट. कोट गेला.' मी भराभर पानं उलटायला लागलो. 'सुताराची सासू. एकटीने. आम्हाला आत येऊ दिलं नाही, म्हणाल्या आत्ताच लादी पुसली आहे.' 'दोन भाऊ. आधी भांडले, मग विझवली.' 'पोस्टमन, जाता जाता.' एके ठिकाणी नुसतं, 'आग नव्हती. लाल पडदा होता.'

आठव्या वर्षातली नोंद वाचून तर मी पेटीवरच बसलो. आग लागली होती केंद्राच्या समोरच्या बेकरीत. समोरच्या म्हणजे रस्त्यापलीकडच्या. तरी आजोबा नियमाप्रमाणे आधी पुलावर गेला, बाजारातून फिरला, मैदानात वळला आणि एकवीस मिनिटांनी, जिथून निघाला त्याच्याच समोर येऊन पोहोचला. आग कोणी विझवली: 'बेकरीवाल्याची नवी सून. मळलेलं पीठ, अंदाजे वीस किलो.'

मी हसू की रडू? हसलोच. पण मग साहेबांचा आकडा आठवला. मी सगळ्या वह्यांत एकच शब्द शोधायला लागलो, 'आम्ही'. दोन दिवस लागले. अठ्ठावीस वर्षांत आजोबा सहाशे चौदा वेळा बाहेर पडला होता, आणि पाचव्या रकान्यात 'आम्ही' हा शब्द मला सापडला एकदा. फक्त एकदा. एकोणिसाव्या वर्षी. आग कुठे: 'बंबाच्या इंजिनात.' आग कोणी विझवली: 'आम्ही.' आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, प्रामाणिकपणाची कमाल म्हणून, 'बादली शिंप्याची.'

म्हणजे आजोबाने आयुष्यात एकच आग विझवली होती, ती स्वतःची, तीही उसन्या बादलीने. जावयाच्या नावावर दोन होत्या. एक कचराकुंडी आणि एक वाळलेलं गवत. साहेबांच्या हिशेबाने काचेच्या खोलीत जावई जाणार आणि सोमवारी आजोबाचे तुकडे होणार. मग मामा सकाळी फडकं घेऊन कुठे जाणार? चोवीस वर्षांत या माणसाने मला टोमणे सोडून काही दिलं नाही, पण त्या विचाराने मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

खोटं बोलायचं नाही असं म्हणालो खरं, आणि लगेच लिहायला बसलो तेच. शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात बायकोला वाचून दाखवलं. "आजोबा बंबाने आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या तेजस्वी कारकिर्दीत सहाशे चौदा आगी विझवल्या. ज्वाळा कितीही उंच असोत, हा शूर बंब वाऱ्याच्या वेगाने..."

"अहो, वाऱ्याच्या वेगाने?" बायको म्हणाली. "आम्ही लहानपणी त्याच्या मागून पायी चालायचो. त्याच्यापुढे निघून जायचो."

"तू गप्प बस. वडील तुझे आहेत."

"शूर कोण?" दारातून आवाज आला. मामा उभे होते. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा वर करून वाचला. मामा रागावले की मला नेहमीपेक्षा जास्त मान देतात. "जावईसाहेब," ते म्हणाले, "आपण फार सुंदर लिहिलं आहेत. आता कृपा करून हे माझ्या अक्षरात कुठे लिहिलंय ते दाखवा."

"मामा, तुम्हाला माहीतच आहे..."

"मला माहीत नसेल तर कुणाला असेल? सहाशे चौदा वेळा मी पोहोचलोय आणि सहाशे चौदा वेळा लोक हात पुसत उभे होते. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज जमिनीने मला पोटात घ्यावं. साठ वर्षं मला लाज वाटत आलीय, जावईबापू. लोक सलाम करतात ना, तेव्हा सगळ्यात जास्त वाटते." मग ते एकदम कडाडले, "म्हणून वह्या लपवल्या. पण खोडल्या नाहीत! ज्या पोरीने वीस किलो पीठ फेकून आग विझवली, तिला खोडून तिथे माझं नाव लिहायचं? मी जे स्वतः केलं नाही ते तुम्ही माझ्यासाठी करणार?"

"पण मग बंब भंगारात जाईल, बाबा," बायको म्हणाली.

मामांनी कागदाची घडी घातली. मग तो फाडला, नीट चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. "जाऊ दे गेला तर," ते म्हणाले. "आहे तसं वाचा. मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

आमच्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

शनिवारी दुपारी केंद्राच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तिन्ही गाड्या धुऊन पुसून ओळीने उभ्या. गाव लोटलं होतं, त्यात म्हातारी मंडळीच जास्त, कारण दुपारी समारंभांना जायला तीच मोकळी असतात. मामा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा जुना गणवेश घालून, शिक्षा ऐकायला बसल्यासारखे. साहेबांनी भाषण केलं, त्यात सतरा आकडे होते. मग मला बोलावलं.

मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि आजोबाचा खरा इतिहास वाचायला लागलो. उतार, पूल, बाजार, मैदान. धोब्याच्या बहिणीपाशी आलो तेव्हा मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मुख्याध्यापकांच्या कोटाला पटांगण खदखदायला लागलं. मी मामांकडे बघायचं टाळत होतो. 'शेजारचा न्हावी, ओला टॉवेल' असं वाचलं, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक टक्कल पडलेले गृहस्थ ताडकन उठले.

"तो टॉवेल माझा होता!"

"टॉवेल तुझा असेल, पाणी माझं होतं," शेजारचे दुसरे गृहस्थ बसल्या जागेवरून ओरडले. "माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली होतीस. परत कुठे दिलीस?"

"विझवली कोणी पण?"

"बादली कुठाय?"

मग काय, पटांगणाचा बाजार झाला. सुताराच्या सासूबाई हयात नव्हत्या, पण त्यांची नात उठून म्हणाली की आजीने ती आग एकटीने विझवली आणि लादीही परत पुसली, हे दोन्ही नोंदवून घ्या. दोन भाऊ त्या आगीत आधी कोण धावलं यावरून नव्याने भांडायला लागले. निवृत्त पोस्टमन काठी टेकत पुढे आले आणि 'जाता जाता' या शब्दांवर त्यांनी लेखी हरकत घेतली. ते म्हणे खास थांबले होते, त्यासाठी त्यांना वरून बोलणी बसली होती. जो तो आपली आग मागत होता. "माझी वाचा, माझी वाचा!" आणि मी वाचत होतो, दुसरं करणार काय? ज्याची नोंद वाचावी तो उठून आजूबाजूला बघायचा आणि मग ऐटीत खाली बसायचा.

साहेबांनी टेबल वाजवून वाजवून सगळ्यांना बसवलं. ते घामाघूम झाले होते.

"मला आकडा सांगा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आजोबाने विझवलेल्या आगी किती?"

"एक."

"कुठली?"

"त्याची स्वतःची."

"आणि जावई?"

"दोन," मी म्हणालो. ते म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण नियम त्यांनीच केला होता. ते माईकपाशी गेले. "नागरिकहो, भावना आपल्या जागी, आकडे आपल्या जागी. ठरल्याप्रमाणे काचेच्या खोलीत ठेवण्यासाठी..."

"थांबा हो जरा," कुणीतरी म्हणालं.

मधल्या रांगेतून एक जाडजूड म्हातारी उठली. समोरच्या बेकरीची मालकीण. आता तिच्या सुनांच्याही सुना येतील, पण नोंदीतली नवी सून ती हीच. तिला बघितल्याबरोबर मामांनी मान खाली घातली.

"साहेब, गेल्या वर्षी आमच्या गल्लीत आग लागली होती," ती म्हणाली. "तुमची नवी गाडी किती वेळात आली?"

"चार मिनिटांत!" साहेबांना हायसं वाटलं. हा आकडा त्यांचा लाडका होता.

"आणि त्या चार मिनिटांत आम्ही काय केलं, माहितीये? बाहेर उभं राहून बघितलं. फोनवर शूटिंग केलं. येतीलच म्हटलं आता. दोन खोल्या गेल्या." तिने आजोबाकडे बोट केलं. "हा निघाला ना, की ह्याची घंटा पुलावरून ऐकू यायची. मग बाजारातून यायची. सगळ्या गावाला कळायचं, कुणाकडे तरी लागलीय. आणि हेही कळायचं की ह्याच्या भरवशावर बसलो तर घर काही उरत नाही. तेव्हा उचला बादल्या!"

पटांगण हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी एक वही ओढली, मग दुसरी, मग तिसरी. त्यांचं बोट पाचव्या रकान्यावर नव्हतं, चौथ्यावर होतं. नुकसान काय. ते ओठातल्या ओठात वाचत होते. "पडदा एक. चादर, अर्धी. खुर्चीचा पाय. कोट. झाडू..." वाचता वाचता त्यांनी माझ्याकडे मान वर केली. "ह्यात घर कुठेय?"

"घर नाही, साहेब."

"अठ्ठावीस वर्षांत एकही नाही?"

मी दोन दिवस वह्या वाचल्या होत्या, पण सारखा एकच शब्द शोधत होतो. हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. "एकही नाही," मी म्हणालो.

साहेबांनी नव्या गाड्यांचा आकडा विचारला नाही. तो त्यांना पाठ होता. दहा वर्षांत सात घरं खाक.

ते माईकपाशी परत गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "माझा रकाना चुकला." आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांचं भाषण आकड्याशिवाय संपलं. आजोबा राहणार, वह्या त्याच्या बाकावर उघड्या ठेवणार, हे त्यांनी नंतर शिपायाला सांगायला लावलं, कारण त्यांना पुढे बोलता येईना. लोकांनी टाळ्यांनी पटांगण डोक्यावर घेतलं. न्हावी आणि त्याचा शेजारी एकमेकांच्या गळ्यात पडले, बादलीचं मात्र मिटलं नाही.

मामा उठले. मला वाटलं, आजोबाकडे जातील. ते गेले नाहीत. ते खुर्च्यांमधून वाट काढत बेकरीवालीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"वहिनी, एकवीस मिनिटं लागली होती. समोरच्या समोर. तेव्हा तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून माफी मागायची हिंमत झाली नाही. आज मागतो."

"अहो बंबवाले," ती म्हणाली, "माझ्या लग्नाला आठवडा झाला होता. घरात मी एकटी. भट्टीतून जाळ छताला लागलेला, आणि माझे हातपाय गळाले होते. पाणी कुठेय तेही आठवेना. तेवढ्यात तुमची घंटा वाजली. लांब चालली होती, उलटीकडे, ते मला कळत होतं. पण कुणीतरी माझ्यासाठी निघालंय, एवढं कळलं आणि माझे हात चालायला लागले. तुम्ही पोहोचला नसतात तरी माझं भागलं असतं. तुम्ही निघाला नसतात तर मी तिथेच जळाले असते."

एक्याऐंशी वर्षांचा तो माणूस सगळ्या गावासमोर लहान मुलासारखा रडला, आणि तिने त्यांना हाताला धरून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.